फ्रेयाच्या मांजरांना नावं का नाहीत?

नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या व्हायकिंग लोकांच्या, पुराणकथांत नावांची नुसती चंगळ आहे. देवांचा राजा ओडिन, त्याचे डोमकावळे ह्युगिन आणि मुनिन, त्याचा आठ पायांचा घोडा स्लेपनिर. मेघगर्जनेचा देव थोर, त्याचा रथ ओढणाऱ्या बोकडांचंसुद्धा रीतसर बारसं झालेलं. पण प्रेमाची आणि समृद्धीची देवी फ्रेया ज्या दोन मांजरांच्या रथातून हिंडते, त्यांना नावच नाही. 13व्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं या कथा लिहून ठेवल्या, तोही 'दोन मांजरं' एवढं सांगून पुढे सरकतो. आता इंटरनेटवर त्यांची नावं सापडतात, पण ती अलीकडे कुणी ठेवलेली. मला वाटतं, फ्रेयानं नावं ठेवलीही असतील, पण हाक मारल्यावर ती आली नसतील. देवी झाली म्हणून काय झालं!

या मंडळींनी मांजराकडे बारकाईनं पाहिलं होतं, हे मात्र नक्की. फेनरिर नावाच्या भयंकर लांडग्याला बांधायला जो जादूचा दोर वळला, त्यात सहा जिन्नस होते: डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, बाईची दाढी, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी आणि मांजराच्या पावलांचा आवाज. आता मांजर चालताना आवाज का होत नाही, याचा उलगडा झाला ना? सगळा आवाज त्या दोरातच खर्ची पडला!

आपल्याकडे षष्ठीदेवीचं वाहन मांजरच. तेव्हा देवीनं मांजर जवळ केलं याचं आपल्याला फारसं नवल वाटू नये. नवल पुढेच आहे.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात उत्खननात एक जुनी विहीर सापडली, साधारण 11व्या शतकातली. तिच्यात निदान 68 मांजरांची हाडं होती आणि हाडांवर सुरीच्या खुणा. मांजरं सोलून कातडी काढून घेतली आणि उरलेलं विहिरीत टाकून दिलं. थंडीच्या मुलखात मांजराची मऊ फर म्हणजे चांगला माल. एरिक द रेडच्या सागामध्ये, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत, ग्रीनलँडमधली थोरब्योर्ग नावाची भविष्य सांगणारी बाई येते, तिच्या पोशाखाचं वर्णन फार चवीनं केलेलं आहे. काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी, तिला आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याचं अस्तर. हातमोजेही मांजराच्याच कातड्याचे, आतून पांढरे आणि केसाळ. दुष्काळ कधी सरेल हे सांगायला तिला बोलावलेलं. ज्या विद्येत फ्रेया देवांची गुरू, तीच विद्या ही बाई चालवणार, आणि हात कुठे, तर फ्रेयाच्याच लाडक्या प्राण्याच्या कातड्यात! सागा लिहिणाऱ्याला यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. मला मात्र वाटतं.

सगळ्यांच्याच नशिबी अर्थात विहीर नव्हती. धान्य साठवलं की उंदीर आलेच, आणि उंदीर आले की मांजर हवंच. मांजरं जहाजांतून बंदरोबंदरी फिरली. बाल्टिक समुद्राकाठच्या राल्सविक बंदरात व्हायकिंग काळाच्या उंबरठ्यावरचं एक मांजर सापडलं, त्याचा आईकडून आलेला डीएनए इजिप्तमधल्या मांजरांच्या वंशाशी जुळला. एवढा प्रवास त्याच्या पूर्वजांनी तिकीट न काढता केला, हे वेगळं सांगायला नको.

ही मांजरं आजच्या मानानं चणीनं लहान होती. डेन्मार्कमधल्या हाडांची मोजमापं घेतल्यावर दिसलं, की तेव्हापासून आजवर मांजर सुमारे 16 टक्क्यांनी मोठं झालंय. माणसाच्या आश्रयाला आलेले प्राणी सहसा आकसतात. लांडग्याचा कुत्रा होताना तेच झालं. मांजरानं उलटा हिशेब मांडला. उंदीर मारायचं काम कमी झालं, आयतं खाणं वाढलं, आणि आता तर आमच्या इमारतीतला बोका कोळीणबाईंनी टाकलेली बोंबलाची डोकी हुंगून बाजूला सारतो, त्याला पापलेट लागतं.