दातावर दात: बापाचे दात, आईचा जबडा?

"बापाचे मोठे दात घेतले आणि आईचा लहान जबडा, मग दाटी होणारच!" नाशिकमध्ये कुठल्याही दातांच्या दवाखान्यात बाकावर बसा, हे ऐकू येईल. हे अर्धंच खरं. दात एकाकडून आणि जबडा दुसऱ्याकडून असे सुटे येत नाहीत. दोन्हींच्या मापावर अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. दाताची रुंदी बरीचशी आनुवंशिक, पण दाटी किती होईल ते जागेवर ठरतं, आणि जागा पुष्कळदा आपणच घालवतो.

खालचे पटाशीचे चार कायमचे दात दुधाच्या चारांपेक्षा एकूण सुमारे ६ मिमी रुंद असतात, वरचे साडेसात. म्हणून पाच वर्षांच्या पोराचे दात मोत्यांसारखे चिकटून असले तर कौतुक जरा बेतानं करा. दुधाच्या दातांत फटी हव्यात. आठव्या वर्षी खाली दोनेक मिमी दाटी दिसली तर मात्र घाबरायचं कारण नाही.

खरी गोम दुधाच्या दुसऱ्या दाढेत. तिच्या जागी येणारी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधला कायमचा दात) तिच्यापेक्षा अरुंद असते. सगळी अदलाबदल झाली की खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी १.७ मिमी, वरच्यात ०.९ मिमी जागा उरते. "पडणारच आहे" म्हणत किडलेली दाढ लवकर काढली, की सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि ही शिल्लक संपते. वरचा सुळा येतो अकरा-बाराव्या वर्षी, उपदाढांच्याही मागून. मग जागा न उरल्यानं तो हिरडीत उंच चढून बसतो. दोष आजोबांच्या सुळ्याला! डब्यात रोज बेदाणे देणाऱ्यांनी दोन दाढांमधली फट दोऱ्यानं साफ करावी, कीड तिथेच धरते.

दाढ काढावीच लागली तर त्याच वेळी जागा राखणारी पट्टी-तार विचारा. उपदाढ वर डोकावली की ही पट्टी काढायची. तोवर दर सहा महिन्यांनी तपासणी, कारण सिमेंट सुटलं की पट्टीखाली कीड लागते.

सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला, दाखवा. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयातही हा विभाग आहे. पुढे दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर तार वाकवून जागा मोजतात, दातांच्या रुंदीची बेरीज त्यातून वजा करतात. चार मिमीपर्यंत तूट असेल तर दात सहसा काढत नाहीत. दहाच्या पुढे गेली तर बहुधा उपदाढा काढाव्या लागतात. मधल्या पट्ट्यात मात्र ओठांची ठेवण पाहून ठरतं, आणि दोन डॉक्टर दोन मतं देतील.