एम८१, २४ मायक्रॉन: गाठी सुटायला लागल्या

तीन आठवडे एम८१ या एकाच सर्पिल दीर्घिकेवर अडकून बसलो होतो. काल रात्री पहिल्यांदा विश्वास ठेवावा असं चित्र हाती आलं, म्हणून सगळं सविस्तर नोंदवून ठेवतो.

मूळ चित्र स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीचं, २४ मायक्रॉन तरंगलांबीचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आरसा फक्त ८५ सेंटिमीटरचा आणि तरंगलांबी एवढी लांब, त्यामुळे प्रत्येक बिंदू साधारण ६ आर्कसेकंदांपर्यंत पसरतो (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). एम८१ आपल्यापासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथे ६ आर्कसेकंद म्हणजे जवळजवळ ३५० प्रकाशवर्षं. सर्पिल भुजांमध्ये नवे तारे जन्मतात आणि त्यांच्या भोवतालची धूळ तापून या तरंगलांबीत चमकते. पण शेजारशेजारचे दोन-तीन ढग एकाच गुबगुबीत ठिपक्यात मिसळून जातात. ते वेगळे करायचे, एवढंच माझं काम.

नव्या वेब अवकाश दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा असताना हा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण वेबच्या मिरी या अवरक्त कॅमेऱ्याच्या एका चौकटीत जेमतेम दोन आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकाश मावतं आणि एम८१ आकाशात सुमारे २७ आर्कमिनिटं पसरलेली, म्हणजे जवळपास पूर्णचंद्राएवढी. अख्खी दीर्घिका एकसलग बघायची तर स्पिट्झरचं जुनं चित्र अजूनही सोनं आहे.

धूसर चित्र सावरायची माझी पद्धत रिचर्डसन-लुसी. रिचर्डसनने १९७२ मध्ये आणि लुसीने १९७४ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. १९९० मध्ये हबलच्या आरशातला दोष कळला, तेव्हा पहिली काही वर्षं चित्रं सावरायला हीच पद्धत कामी आली होती. आधी खऱ्या आकाशाचा एक अंदाज घ्यायचा, तो दुर्बिणीच्या पीएसएफने (दुर्बिणीत एक बिंदू कसा पसरतो त्याचं चित्र) मुद्दाम धूसर करायचा, प्रत्यक्ष चित्राला त्याने भागायचं आणि त्या गुणोत्तराने अंदाज सुधारायचा. मग पुन्हा तेच. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींत होतं.

पहिल्या खेपेला दीर्घिकेच्या केंद्रकाभोवती सुरेख कडं उमटलं. दोन दिवस मी ते धुळीचं कडं समजून खूश होतो. मग निकाल पुन्हा धूसर करून मूळ चित्रातून वजा केला, तर केंद्रकाभोवती उजळ-काळे डाग आळीपाळीने बसलेले. कारण कोनात होतं. स्पिट्झरचा दुय्यम आरसा तीन पायांवर उभा असल्यामुळे पीएसएफला सहा किरणं फुटतात. माझी पीएसएफ डिटेक्टरच्या दिशेने होती, चित्र मात्र उत्तर वर धरून जोडलेलं. निरीक्षणाच्या फिट्स हेडरमधून (चित्राच्या फाइलसोबत येणाऱ्या नोंदींमधून) कोन काढला, पीएसएफ तेवढी फिरवली, आणि डाग जवळजवळ गेले. कडंही गेलं.

दुसरा घोळ बारीक होता. पीएसएफची चौकट सम संख्येच्या पिक्सेलांची होती, त्यामुळे तिचं केंद्र दोन पिक्सेलांच्या मधोमध पडलं आणि सगळे तारे अर्धा पिक्सेल सरकले. ३.६ मायक्रॉनच्या चित्रावर ठेवून पाहिलं तेव्हाच लक्षात आलं. विषम चौकट घ्या, त्रास वाचतो.

पार्श्वभूमीबद्दल माझं मत आता ठाम झालंय: ती शून्यावर आणू नका. २४ मायक्रॉनला आपल्याच सूर्यमालेतल्या धुळीचा उजेड भरपूर असतो. तो पूर्ण वजा केला की नॉइज (चित्रातली आकड्यांची यादृच्छिक चढउतार) जागोजागी ऋण होतो आणि ही पद्धत ऋण आकडे मानतच नाही. मी थोडी पार्श्वभूमी परत मिसळली. फेऱ्या २५ वर थांबवल्या. साठपर्यंत नेल्यावर भुजांमधला मऊ उजेड दाणेदार झाला होता आणि त्या दाण्यांना तारकाजन्माची ठिकाणं म्हणणं चुकीचं ठरलं असतं.

आणि कालचा क्षण. एका भुजेत लांबट दिसणारी गाठ आहे. २५ फेऱ्यांनंतर तिची दोन शिखरं झाली, मध्ये साधारण ४ आर्कसेकंदांचं अंतर. लगेच ८ मायक्रॉनचं चित्र काढलं. त्यात पसरट बिंदू २ आर्कसेकंदांचाच असतो. तिथेही त्याच जागी दोन गाठी! दोन्हींची मिळून तेजस्विता आधीच्या ठिपक्याशी जुळते का, तेही मोजलं, जुळली. बाहेरच्या बाजूला अशीच फुटलेली आणखी एक गाठ होती. ८ मायक्रॉनमध्ये तिच्या जागी एकच ठिपका आहे, म्हणून ती यादीतून काढली.

आता ७० मायक्रॉन. तिथे धूसरपणा सुमारे १८ आर्कसेकंदांचा आहे, म्हणून सुरुवात केंद्रकापासून न करता बाहेरच्या एखाद्या सुट्या, एकट्या ठिपक्यापासून करणार आहे.