सिगारेटच्या यंत्रातून निघालेले चित्र

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात विन्स्टन आणि सेलम ही दोन गावे १९१३ साली एक झाली आणि पुढे आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने या दोन्ही नावांच्या सिगारेटी जगभर विकल्या. रॉलीजवळच्या कॅरी येथे राहणाऱ्या मामेबहिणीबरोबर इंटरस्टेट ४० या महामार्गाने आम्ही विन्स्टन-सेलमला पोहोचलो, तेव्हा प्रथम दृष्टीस पडली ती याच कंपनीची १९२९ साली पूर्ण झालेली उंच इमारत. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग ज्या वास्तुविशारदांच्या कार्यालयाने पुढे उभारली, त्यांचेच हे आधीचे काम आहे. आता तिच्यात हॉटेल चालते. आम्ही मात्र तिच्यासाठी आलो नव्हतो.

याच शहरात १९९७ साली क्लार्क व्हिटिंग्टन नावाच्या कलावंताने एका कॅफेत आपले प्रदर्शन भरवताना, वापरातून गेलेले सिगारेटचे यंत्र (पैसे टाकून मूठ ओढली की पाकीट बाहेर टाकणारे) तेथे उभे केले आणि त्यातून आपली कृष्णधवल छायाचित्रे एकेक डॉलरला विकली. दुसऱ्या कोणाच्या पाकिटाचा पारदर्शक सेलोफेन कागद चुरचुरला की स्वतःलाही काहीतरी विकत घ्यावेसे वाटणाऱ्या एका मित्रामुळे त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. प्रदर्शन संपले तरी कॅफेच्या मालकीणबाईंनी यंत्र हलवू दिले नाही. इतर कलावंतांची कामे मिळवण्यासाठी ‘आर्टिस्ट्स इन सेलोफेन’ हा गट उभा राहिला आणि आज ‘आर्ट-ओ-मॅट’ या नावाची यंत्रे अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत.

आम्ही गाठलेले यंत्र जुन्या घडणीचे, जाड पत्र्याचे आणि नव्याने रंगवलेले होते. आत उभे खण असतात, त्यांत पाकिटे एकावर एक रचलेली असतात आणि खालची मूठ ओढली की तळाचे पाकीट पन्हाळीत येऊन पडते. या रचनेमुळेच कलाकृतीचे माप ठरून गेले आहे: सुमारे ५४ बाय ८२ मिलिमीटर आणि जाडी २१ मिलिमीटर, म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी. त्यामुळे कलावंत लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढतात किंवा तेवढ्याच डबीत आपली वस्तू बसवतात. मुठीपाशी कलावंताचे नाव आणि कामाचा प्रकार वाचता येतो, परंतु नेमका कोणता नग आपल्या हाती येणार हे आधी कळत नाही.

मला यातली खरी गंमत इथेच वाटली. चित्रदालनात आपण चित्रापेक्षा किमतीच्या चिठ्ठीकडे अधिक वेळ पाहतो. येथे पाच डॉलर आधीच देऊन टाकलेले असल्यामुळे घासाघीस किंवा पारख करायला वावच राहत नाही आणि पाकीट उघडल्यावर केवळ पाहणे उरते. माझ्या वाट्याला शाईने रेखाटलेल्या पक्ष्याचा ठोकळा आला, तर बहिणीला दोऱ्याने शिवलेले इवलेसे वहीपुस्तक मिळाले. तिला माझा पक्षी हवा होता आणि मला तिची वही, म्हणून आम्ही तेथेच अदलाबदल करून टाकली.

पाच डॉलरच्या किमतीत कलावंताच्या हाती सुमारे निम्मी रक्कम पडते. हाताने केलेल्या कामाच्या एवढ्या मोबदल्यावर कोणाचा संसार चालणार नाही आणि तसा दावा कोणी करूही नये, असे माझे मत आहे. एरवी चित्र विकत घेण्याच्या वाटेला न जाणारा माणूस निदान एक मूठ ओढतो, हा यातला लाभ आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ती करणाऱ्या बाईंनी आपला पत्ता लिहून ठेवला होता, त्यामुळे ही खरेदी पुढे पत्रव्यवहारापर्यंतही जाऊ शकते.

योगायोग असा की त्याच १९९७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे एम. व्हेंची स्टिर्नेमान या कलावंताने ६४ बाय ८९ मिलिमीटरच्या, म्हणजे खेळायच्या पत्त्याच्या आकाराच्या, स्वतः केलेल्या कार्डांचे प्रदर्शन भरवले आणि ज्यांना ती हवी असतील त्यांनी आपलेही कार्ड करून आणावे व बदल्यात घ्यावे, असे सुचवले. ती कार्डे विकायची नाहीत, फक्त बदलायची, हा संकेत त्यातून सुरू झालेल्या कार्ड-अदलाबदलीच्या चळवळीत आजही पाळला जातो. माझी बहीण लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रे, करते. परतीच्या वाटेवर यंत्रासाठी ठोकळे करावेत की बदलण्यासाठी कार्डे, यावर तिचा बराच खल चालला होता. शेवटी ठोकळ्यांना निदान शाईचा खर्च तरी निघेल, या हिशेबाने तिने ठोकळ्यांच्या बाजूने कौल दिला.