ट्रान्सपोज समजला तो डॉट प्रॉडक्टमधून

ट्रान्सपोज म्हणजे मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याच्या, आडव्या रोचे उभे कॉलम करायचे आणि सिमेट्रिक म्हणजे तसं करूनही बदलत नाही ती मॅट्रिक्स, एवढं बीएस्सीपर्यंत पाठ होतं. गणितं सुटायची, मार्कही पडायचे. पण आकड्यांची ही अदलाबदल कशासाठी, हा प्रश्न शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आल्यावर स्वस्थ बसू देईना.

सुरुवात अंतरांच्या तक्त्यापासून केली. कोल्हापूर, सांगली, पन्हाळा ही गावं आडवी लिहिली, तीच उभी लिहिली. कोल्हापूर-सांगली आणि सांगली-कोल्हापूर अंतर एकच, कर्णावर सगळी शून्यं. सिमेट्री दिसली, पण सिमेट्रिक मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणल्यावर स्वतःच्याच पटीत येणारे व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या याद्या) एकमेकांना काटकोनात का असतात, हे त्या तक्त्यातून काही निघेना.

ते निघालं विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात एका दुपारी. मॅट्रिक्स ‘ए’ने क्ष या व्हेक्टरला गुणलं आणि आलेल्या उत्तराचा य या दुसऱ्या व्हेक्टरशी डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने आकडे गुणून केलेली बेरीज) घेतला. आता तोच ‘ए’ क्षवरून काढून य वर न्यायचा, तर तो ट्रान्सपोज होऊनच जातो. ट्रान्सपोजचं खरं काम हेच. सिमेट्रिक असेल तर ‘ए’ आहे तसाच पलीकडे जातो. मग क्ष आणि य हे ‘ए’चे आयगेनव्हेक्टर घ्या; क्षची आयगेनव्हॅल्यू, म्हणजे गुणल्यावर येणारी पट, ३ आणि य ची १ धरा. ‘ए’ क्षवर ठेवला तर ३ गुणिले डॉट प्रॉडक्ट, य वर नेला तर १ गुणिले तोच डॉट प्रॉडक्ट. दोन्ही सारखे, म्हणजे डॉट प्रॉडक्ट शून्यच, आणि तो शून्य म्हणजेच काटकोन! लगेच (२, १) आणि (१, २) या रोंची मॅट्रिक्स घेऊन पाहिलं. ३ साठी (१, १), १ साठी (१, −१). काटकोन. इतकी छोटी सिद्धता आणि इतकी देखणी. ती प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गुणाकाराच्या ट्रान्सपोजमध्ये क्रम उलटा का होतो, तेही यातच आलं: ‘एबी’ पलीकडे नेताना बाहेरचा ‘ए’ आधी सुटतो, ‘बी’ नंतर. म्हणून दोन सिमेट्रिक मॅट्रिक्सचा गुणाकार सिमेट्रिक असेलच असं नाही; ‘एबी’ आणि ‘बीए’ सारखे असतील तरच.

सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू वास्तव संख्याच असतात, हे फ्रेंच गणिती कोशीने १८२९ मध्येच दाखवलं होतं. त्याची सिद्धताही याच वाटेने जाते, फक्त कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलेली संख्या) सांभाळावा लागतो.

सध्या एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन, म्हणजे मॅट्रिक्स सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडणं) वाचतोय. तिथे मॅट्रिक्स चौरस नसली तरी चालते, कारण तिच्या ट्रान्सपोजने तिला गुणलं की सिमेट्रिक मॅट्रिक्सच हाती येते.