मिरज–कोल्हापूर पॅसेंजर, शाहूपुरी आणि हुकलेला गूळ

पोराला ट्राम बघायची होती. म्हटलं मुंबईची 1964 लाच बंद झाली बाबा, आणि कोल्हापुरात तर कधी नव्हतीच, पण आपल्या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, तिनं जाऊ. मिरजेला आत्याकडं गेलोच होतो, येताना एसटी सोडून पॅसेंजर धरली.

ही लाइन 1891 ची, जेमतेम 47-48 किलोमीटर. 1888 ला पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हातनं, तेव्हा ते अजून चौदाचेही नव्हते. पोरगं म्हणतं, आठवीतला पोरगा? म्हटलं हो, तू दप्तर तरी नीट भर. 1971 पर्यंत ही मीटर गेज होती, मग ब्रॉडगेज झाली.

जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी झालं की पंचगंगेचा पूल येतो, तेवढ्यासाठी तरी खिडकी धराच, फक्त दारात लोंबकळू नका. पुढं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात इथं पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि पोरं, आणि ते गेल्यावर तिथंच फाळणीतले सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर. आपण तिथं सेलचे कपडे घ्यायला जातो आणि यातलं काही माहीत नसतं. पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ बघायचा तर तो शहरात महावीर गार्डनमध्ये आहे.

माझी चूक पुढं झाली. गूळ मार्केट हॉल्टला गाडी थांबली आणि मी बसून राहिलो, डोक्यात पक्कं की गुळाची पेठ म्हणजे शाहूपुरी. तसं खोटं नाही, महाराजांनी 1895 ला स्टेशनला लागून ही पेठ वसवली ती व्यापारासाठीच, गूळ इथं यायचा आणि रेल्वेनं बाहेर जायचा. पण गुळाचे सौदे कधीच मार्केट यार्डात गेलेत, आणि यार्ड म्हणजे तोच मागं सोडलेला हॉल्ट! पोराला घेऊन पहिली गल्ली, दुसरी गल्ली करत फिरलो, शेवटी एका दुकानातले आजोबा हसले, म्हणाले, "पाव्हणं, हॉल्टलाच उतरायचं हुतं की." मी कोल्हापूरचाच, तरी पाव्हणं.

मग रिक्षानं उलटं यार्डात. अडत दुकानात गुळाचा तीस किलोचा रवा, म्हणजे ढेप, फोडून ठेवलेला, अडत्यानं नखानं खरवडून पोराच्या तळहातावर दिला. खारट लागला तर घेऊ नका, आणि फार पिवळाधमक असला तर जरा विचारा, तांबूस बरा.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, तेव्हा गुऱ्हाळं जोरात असतात. सकाळी लवकर पोचा, दुपारी सौदे झालेले असतात. सगळ्या गाड्या हॉल्टला थांबत नाहीत, तिकीट काढतानाच विचारा. पावसाळ्यात स्टेशनजवळच्या परीख पुलाखालनं जायचं टाळा, पाणी तुंबतं.

आणि पिशवी जाड न्या. आमची यार्डाच्या गेटवरच फाटली.