नवापूर ते नोवा गोरित्सा : एका चलनावर चार देश

नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसले की वाटेत नवापूर लागते. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात तर अर्धा दुसऱ्या राज्यात आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या प्रवासासाठी युरो विकत घ्यायला आम्ही सुरतेला निघालो होतो, तेव्हा याच फलाटावर चहा घेतला. आपण एकाच रुपयाने दोन राज्यांत चहा घेतो, यात कोणाला नवल वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकात पलीकडचे सोनगड बडोदे संस्थानात होते आणि बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत असे, हे आठवले की एक चलन असणे ही केवढी सोय आहे ते कळते.

आम्ही चौघे होतो : मी, माझी पत्नी, तिचा भाऊ आणि त्याची पत्नी. ऑस्ट्रियातले व्हिएन्ना, स्लोव्हाकियातले ब्रातिस्लावा, स्लोव्हेनियातले ल्युब्लियाना आणि इटलीतले व्हेनिस असा बारा दिवसांचा मार्ग ठरवला, तो मुख्यतः युरो चालणारे देश सलग लागावेत म्हणून. मध्ये एक दिवस बुडापेस्टचा घातला. या सगळ्या देशांना मिळून एकच व्हिसा चालतो; सर्वाधिक मुक्काम ऑस्ट्रियात असल्याने त्याचा अर्ज ऑस्ट्रियाकडे केला. त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो, तो अर्जाच्या आधीच काढून ठेवावा.

पैशांविषयी पहिली सूचना घरूनच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपली कार्डे मुळात देशांतर्गत वापरासाठीच चालू असतात. परदेशातील वापर आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. आम्ही प्रत्येकी तीनशे युरो रोख घेतले आणि बाकीची रक्कम युरोच्या प्रवासी कार्डावर भरली. चलन विकणारा बहुधा शंभराच्या नोटा पुढे करतो. त्या न घेता दहा, वीस आणि पन्नासच्या आग्रहाने मागाव्यात, कारण लहान दुकानदार मोठी नोट पाहून मान हलवतात. विमानतळावर चलन घेण्याची वेळ येऊ देऊ नये; तिथला भाव सुरतेच्या भावापेक्षा बराच महाग होता.

युरोच्या नोटेवरचे पूल आणि दरवाजे कोणत्याही देशातले नाहीत. कोणाला आपला मान कमी झाला असे वाटू नये म्हणून ते कल्पनेतून काढले आहेत. नाण्यांचे मात्र तसे नाही. त्यांची एक बाजू सर्व देशांत सारखी आणि दुसरी ज्या त्या देशाची असते. ब्रातिस्लावाच्या खोलीत पत्नीने बटवा पलंगावर उपडा केला आणि नाणी देशवार लावायला घेतली. ऑस्ट्रियाच्या एक युरोवर मोझार्ट, इटलीच्या एक युरोवर लिओनार्दोने रेखाटलेला मनुष्य, स्लोव्हाकियाच्या नाण्यावर तीन टेकड्यांवर उभा असलेला दुहेरी क्रूस. पुढे ल्युब्लियानात पाच सेंटचे एक तांबूस नाणे हाती आले, त्यावर एक शेतकरी चालत चालत मुठीने तारे पेरतो आहे. ते तिने मोडीत जाऊ न देता रुमालाच्या गाठीत बांधले. सगळीकडे सगळी नाणी चालतात, हे तिला पहिल्या दोन दिवसांत पटेना. मोझार्टचे नाणे स्लोव्हाकियात देताना ती मला हळूच विचारी, "हाई नाणं आठे बी चालस का?" दुकानदार ते न पाहताच गल्ल्यात टाकी.

चलन एक असले तरी नियम एक नसतात, हे मात्र पुढे जाणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे. स्लोव्हाकियात आणि इटलीत रोख बिल पाच सेंटच्या पटीत पूर्ण केले जाते, ऑस्ट्रियात एकेका सेंटचा हिशोब होतो. त्यामुळे कुठे दोन सेंट परत आले नाहीत तर वाद घालू नये. पाण्याच्या बाटलीवर ऑस्ट्रियात २५ सेंट आणि स्लोव्हाकियात १५ सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. ज्या देशात बाटली घेतली त्याच देशात ती परत करावी. इटलीत खाणावळीच्या बिलात बसण्याचा म्हणून दरडोई आकार लागतो, तो पाटीवर लिहिलेला असतो, त्याला फसवणूक समजू नये. स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांसाठी अर्धा-एक युरोची मोड खिशात असावी.

सर्वांत मोठा धडा बुडापेस्टने दिला. हंगेरी युरोपीय संघात आहे, तिथे आपला तोच व्हिसा चालतो, पण चलन फोरिंट आहे. एका यंत्रातून पैसे काढताना "रुपयांत रक्कम आकारू का?" असा प्रश्न पडद्यावर आला आणि शालकाने आपले चलन दिसते म्हणून होकार दिला. यंत्राने लावलेला भाव इतका वाईट होता की घरी खाते उतरवले तेव्हा बुडापेस्टच्या चौघांच्या जेवणाइतका फरक निघाला. परदेशात यंत्र असो वा दुकान, आकारणी नेहमी त्या जागेच्या चलनातच निवडावी, रुपयांत कधीही नाही. तिथे काही दुकाने युरो घेतात, पण मोड फोरिंटमध्ये देतात, आणि ती पुढे कुठे चालत नाही. व्हिसा आणि चलन यांच्या सीमा वेगळ्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये हाच व्हिसा चालतो, पण चलन फ्रँक. आयर्लंडमध्ये युरो चालतो, पण व्हिसा वेगळा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून दोन्हींत आला आहे, आणि बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो घेतला आहे, म्हणून जुनी माहितीपुस्तके पाहून जाऊ नये.

ल्युब्लियानाहून बसने नोवा गोरित्साला गेलो, ते केवळ एका चौकासाठी. रेल्वेस्थानकासमोरच्या या चौकातून स्लोव्हेनिया आणि इटली यांची सीमा जाते. २००४ पर्यंत इथे कुंपण होते, आता जमिनीत एक गोल फलक बसवला आहे. २०२५ साली ही नोवा गोरित्सा आणि पलीकडची गोरित्सिया मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. स्लोव्हेनियाने २००७ मध्ये युरो घेतला, त्याआधी इथे एका बाजूला टोलार आणि दुसऱ्या बाजूला, २००२ पर्यंत, लिरा चालत असे. आम्ही एक पाय या देशात आणि एक त्या देशात ठेवून उभे राहिलो, तेव्हा मला नवापूरच्या बाकाची फार आठवण झाली. स्लोव्हेनियात कॉफी घेतली, परत मिळालेल्या नाण्यांतून दहा मिनिटांनी इटलीत केळी घेतली. खान्देशातल्या माणसाला ती केळी साधारणच वाटली, पण ते नाणे देताना मन भरून आले.

चौकात कोणी अडवत नसले तरी पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. गोरित्सिया स्थानकावरून व्हेनिसची गाडी दोनेक तासांत पोहोचवते.

शेवटच्या दिवशी नाणी संपवावीत, कारण परतल्यावर सुरतेचा चलनवाला नोटा घेतो, नाणी घेत नाही. आमची अकरा युरोंची मोड व्हेनिसच्या स्थानकावर तिकीट काढताना यंत्रात गेली. रुमालाच्या गाठीतला पेरणारा तेवढा नंदुरबारला आला आहे.