रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद

स्वतःला सुधारायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात खरेदीच्या यादीने होते. जिमची वर्षभराची फी, पावलं मोजणारं घड्याळ, प्रोटीनचा डबा, सवयी लावून देणारं सशुल्क ॲप. महिन्याभरात उत्साह ओसरतो आणि हप्ते तेवढे उरतात. उपासाचं बरं असतं, त्यात काही आणावं लागत नाही. घरात असलेलं घड्याळ, एक जुनी वही आणि शिंपी वापरतात तशी कापडी टेप एवढ्यावर काम भागतं. वजनकाटा असला तर ठीक, नसला तरी अडत नाही.

इथे उपास म्हणजे दिवसाच्या २४ तासांतले खाण्याचे तास ठरवून घेणं. १२ तास खायचं आणि १२ तास नाही, हा सगळ्यात सौम्य प्रकार. त्यापुढे १४:१० आणि १६:८, पहिला आकडा उपासाच्या तासांचा, दुसरा खाण्याच्या. आठवड्यातून दोन दिवस ५००-६०० कॅलरींवर राहण्याचा ५:२ हाही एक प्रकार आहे, पण त्यात मोजमाप फार. नव्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही. फक्त पहिला घास किती वाजता आणि शेवटचा किती वाजता, हे वहीत टिपायचं. घास म्हणजे घास: दुधाचा चहा, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, मुलांच्या ताटात उरलेलं, सगळं धरायचं. "मी तर तीनदाच जेवतो" म्हणणाऱ्याचं खाणं सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत पसरलेलं आहे, हे बऱ्याचदा वहीच सांगते.

दुसऱ्या आठवड्यात १२ तास. रात्री आठला शेवटचा घास, सकाळी आठला पहिला. हे तीन-चार दिवस सहज जमलं की अर्धा तास वाढवायचा, पुन्हा तीन-चार दिवस थांबायचं. अशाने १४ तासांपर्यंत यायला साधारण दोन आठवडे लागतात. तास वाढवताना आधी रात्रीचं टोक अलीकडे ओढावं, सकाळचं नंतर पाहावं. झोपण्याआधी तीन तास पोट रिकामं राहिलं तर छातीत जळजळ आणि आंबट ढेकरा कमी होतात, आणि कंटाळा किंवा स्क्रीनपायी होणारं खाणं मुख्यतः याच वेळेतलं असतं. सकाळी उपाशी राहून रात्री अकराला भरपेट जेवणाऱ्याचेही तास कागदावर १४ भरतात. नुसते भरतात.

१६ या आकड्यात काही जादू नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. १६:८ पाळणाऱ्यांचं सरासरी ०.९४ किलो वजन उतरलं, तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ स्थूल लोकांचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, एका गटाला वर ८ तासांची मर्यादा होती. त्यांचं ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३. हाही फरक ठोस ठरला नाही. म्हणजे उपास तेव्हाच कामाला येतो, जेव्हा त्यामुळे एकूण खाणं कमी होतं. कॅलरी न मोजता ते कमी करायची एक सोपी रीत, एवढंच त्याचं मोल. फुकट गोष्टीच्या मानाने ते कमी नाही. १४ तासांवर सुखाने राहता येत असेल तर १६ साठी जीव काढू नका.

भूक वेळेवर येते, कारण तिला वेळ लावलेली असते. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक रोजच्या जेवणवेळेच्या आसपास वाढतं आणि खाल्लं नाही तरी काही वेळाने उतरतं. लाट ओसरेपर्यंत पाणी प्यावं, उठून दहा मिनिटं चालावं. नवी वेळ अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. पण भूक आणि हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं यांची गल्लत नको. यातलं काहीही झालं तर ताबडतोब काहीतरी गोड खायचं आणि त्या दिवसापुरता उपास संपला असं समजायचं.

उपासाच्या तासांत पाणी, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा, काळी कॉफी चालते. एक सपाट चमचा साखर म्हणजे १६ कॅलरी. त्याने आभाळ कोसळत नाही, पण एका चमच्याचे दोन आणि दोनाचं बिस्किट व्हायला वेळ लागत नाही. "उपासाने डोकं धरतं" या तक्रारीमागे पुष्कळदा उपास नसतोच, सकाळचा तोडलेला चहा असतो. कॅफीन अचानक बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते. म्हणून चहा आणि नाश्ता एकाच सोमवारी सोडायचा नाही. आधी कपातली साखर दर तीन दिवसांनी पाव चमच्याने कमी करा, मग दूध. १२ च्या पुढचे तास त्यानंतर. रिकाम्या पोटी कॉफीने ज्यांना पित्त होतं किंवा धडधडतं त्यांनी पाण्यावरच राहावं. डोकेदुखीचं दुसरं कारण पाणी. जेवणातूनही आपल्याला बरंच पाणी मिळत असतं. एक जेवण गळलं की तेही गळतं, आणि ते प्यायची आठवण कुणी करून देत नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली आला की माणूस हुरळून जातो. हिशेब असा आहे: यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. हा साठा घटला की पाणीही जातं. भरपेट जेवलात की दोन्ही परत येतात. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. रोज ४०० कॅलरी कमी गेल्या तर ती किलोभर चरबी जायला १९ दिवस लागतील. पहिल्या आठवड्याचा आकडा वहीत लिहा, पण मिरवू नका.

काट्यापेक्षा टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर टेप धरायची, जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास नेहमीसारखा सोडला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही, तिथे फसवणूक आपलीच होते. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी.

आता खरी मेख. उपाशी राहणं त्या मानाने सोपं, उपास सोडणं अवघड. "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणतात ते उगाच नाही. भूक लागल्यावर काय खायचं याचा विचार करायला बसलं की हात जे उघडायला सोपं त्याच्याकडे जातो, म्हणजे पाकीट, बिस्किटं, बाहेरून मागवलेलं काहीतरी. स्वस्त उपास महाग होतो तो इथेच. त्यावर तोड एकच: सोडण्याचं जेवण आदल्या रात्री ठरलेलं असलं पाहिजे आणि निम्मं तयार असलं पाहिजे. डाळ भिजलेली, भाजी चिरलेली, अंडी उकडलेली.

ताटात आधी प्रथिनं मोजायची. किलोमागे १ ग्रॅम हे व्यवहारी माप धरलं तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम लागतात. दोन जेवणं असतील तर एका ताटात ३०. डबा न विकत घेता ते असे जमतात: ५० ग्रॅम कोरडी डाळ (शिजवण्याआधी मोजलेली) सुमारे १२ ग्रॅम, दोन अंडी १२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७. झाले ३१. अंडी खात नसाल तर ३० ग्रॅम कोरडं सोयाबीन भिजवून शिजवा, ११ ग्रॅम मिळतात. गळलेल्या नाश्त्याचे पैसे वाचले की ते या ताटात घालावेत. प्रथिनं कापून केलेली बचत स्नायूंच्या खिशातून जाते. वर सांगितलेल्या २०२० च्या प्रयोगात ज्यांची शरीररचना मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात बिगरचरबी भागाचा वाटा मोठा होता. म्हणून आठवड्यातून तीनदा भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून उठबैस, असा दहा मिनिटांचा जोर लावणारा व्यायाम हवाच. त्यालाही पैसे पडत नाहीत.

एक वेळचं खाणं गळतं तेव्हा तंतूही (फायबर) गळतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट साफ होईनासं होतं. औषधाच्या दुकानात जाण्याआधी दोन्ही ताटांत भाजी दुप्पट करून पाहा.

१४-१६ तासांच्या उपासासाठी क्षारांची पाकिटं, डिटॉक्स रस किंवा "चरबी जाळणाऱ्या" गोळ्या यांची काही गरज नाही. दोन जेवणांतलं नेहमीचं मीठ पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच आहे. अमुक तासांनंतर पेशी स्वतःची साफसफाई सुरू करतात असे तक्ते फिरतात, त्यांच्याही नादी लागू नये. या साफसफाईवरच्या, म्हणजे ऑटोफॅजीवरच्या, कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं ते मूळ काम यीस्टवर झालेलं. त्यावरून माणसाच्या घड्याळावर १६ वा १८ तासांची खूण करता येत नाही.

सवयीबद्दल लोक एक गोष्ट विसरतात. "न खाणं" ही कृती नाही, आणि जी कृतीच नाही तिची सवय लावणं कठीण. तिच्या जागी एक छोटी कृती बसवावी लागते. शेवटचा घास झाला की लगेच दात घासायचे, ओटा पुसायचा, स्वयंपाकघराचा दिवा मालवायचा. तोंडाला पेस्टची चव आल्यावर पुन्हा खायचं म्हणजे पुन्हा ब्रश करणं आलं, आणि त्या आळसाचा इथे चक्क उपयोग होतो. वहीत वाक्य नेमकं लिहा: "ताट उचललं की दात घासायचे." "रात्री लवकर जेवेन" हे वाक्य नाही, ती इच्छा झाली. "अमुक झालं की तमुक करायचं" अशा बांधणीने ठरवलेलं जास्त पाळलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलेलं आहे.

एका वेळी एकच सवय. उपास, पहाटे उठणं, ध्यान आणि रोज दहा पानं वाचन हे सगळं एका एक तारखेला सुरू केलं की दहा तारखेला सगळं एकदम बंद पडतं. २१ दिवसांत सवय लागते हेही सोडून द्या. १९६० मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" गळालं आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांना घेऊन केलेल्या अभ्यासात मधला आकडा (मध्यक) ६६ दिवसांचा निघाला, आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हेही त्यातच दिसलं.

चुकलेल्या दिवसाचं कारण मात्र लिहायचं. वहीत चार रकाने पुरे: शेवटचा घास, पहिला घास, झोप, कारण. एक ओळ अशी दिसते: "रात्री १०:४०, सकाळी ८:१५, साडेपाच तास, जागून काम." दोन आठवड्यांची पानं समोर ठेवा. चुकलेल्या रात्रींपुढे झोपेचा आकडा सारखा लहान दिसत असेल तर घोळ जेवणात नाही, जागरणात आहे. मग तास वाढवणं थांबवून आधी झोपायची वेळ दुरुस्त करावी. पाहुणे, प्रवास, समारंभ असेल तेव्हा उपास मोडण्याऐवजी सरकवावा. रात्री दहाला जेवलात तर दुसऱ्या दिवशी पहिला घास बाराला.

हे कुणी करू नये, तेही स्पष्ट सांगतो. १८ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली असलेले, आणि ज्यांना खाण्याशी निगडित मानसिक आजार (ईटिंग डिसऑर्डर) कधीही झालेला आहे ते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल तर जेवण टाळल्याने रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी२ गटातल्या औषधांवर असताना लांब उपास केला तर कीटोॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची, भीती असते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही प्रमाण पाहावं लागतं. इथे आधी डॉक्टर, मग घड्याळ. वेदनाशामक गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितली असेल तर ती खाण्याच्या तासांतच बसवा. २४ तासांपलीकडचे उपास घरी एकट्याने करू नयेत. पाचेक दिवस जवळपास काहीच न खाता एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं.

आठ आठवड्यांनी वही उघडा. कंबर दोन सेंटिमीटर जरी कमी दिसली आणि चिडचिड नसेल, तर आहे त्या तासांवरच राहा, वाढवू नका. कंबर तिथेच असेल तर तास बघत बसण्यापेक्षा सोडण्याच्या जेवणात काय काय येतंय ते चार दिवस लिहून काढा. पाळी चुकली, केस जास्त गळायला लागले, सतत थंडी वाजते किंवा दिवसभर डोक्यात खाण्याचाच विषय असतो, असं झालं तर उपास बंद करून तीन वेळा जेवा. रात्रीचे दात घासणं तेवढं चालू ठेवा.